तिरक्या रेघेपलीकडचा दीपू

वारज्यातल्या त्या हॉलमध्ये रविवारी सकाळी साडेदहाला पाय ठेवायला जागा नव्हती. साठेक खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक हळवा झालेला माणूस आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर ऑफिसातली माणसं एकमेकांशी बोलायला वापरतात त्या चॅट अ‍ॅपची खिडकी उघडी होती. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मोबाइलवर काहीतरी लिहिलं. दोन क्षण गेले आणि पडद्यावर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी ओळ उमटली: 'मी इथेच आहे. वरच्या पातळीवर सगळं छान आहे. तुमची आठवण येते.'

बाईंनी पदर तोंडाला लावला. मागून कोणीतरी हात जोडले.

हा चमत्कार घडवणारे दिग्विजय सर भगव्यात नव्हते. इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, कॉलरला माइक. पुण्यात भगवं पाहून निम्मी माणसं सावध होतात. ओळखपत्राची पट्टी पाहून कोणी सावध झाल्याचं ऐकिवात नाही.

"आपले पूर्वज म्हणायचे, आत्मा पिंपळावर राहतो," सर म्हणाले. "का? कारण माणूस दिवसभर पिंपळाखाली बसायचा. आज आपण दिवसाचे दहा तास कुठे असतो? ऑफिसच्या चॅटवर. मग ऊर्जा कुठे अडकणार? सिंपल लॉजिक आहे. आणि लक्षात ठेवा, प्रश्नाआधी ही तिरकी रेघ काढायची. ही साधी रेघ नाही, ही सेतुरेषा आहे. अलीकडे आपण, पलीकडे ते. रेघ विसरलात तर प्रश्न अलीकडेच राहील."

"घराचा नंबर लिहिताना चाळीस वर्षं काढतोय ही रेघ," तिसऱ्या रांगेतले श्रीनिवासराव पुटपुटले. "पलीकडून कधी कोणी ओ दिली नाही." हे शनिवार पेठेतले निवृत्त मास्तर. बायको हेमा गेल्यापासून दर रविवारी यायचे, दर रविवारी असंच काहीतरी बोलायचे आणि आपली पाळी आली की मुकाट्याने रेघ काढायचे.

त्यांच्या शेजारी आम्रपाली बसली होती. मांडीवर लॅपटॉप, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. ती महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. चाळीस पोरांचा गोंधळ एका नजरेने थांबवणाऱ्या आम्रपाली आज लॅपटॉपचं झाकण सारखं उघडत-मिटत होती. आपण इथे काय करायला आलो आहोत हे तिला नीट ठाऊक होतं. एकदा गेलेला आपला भाऊ तिला आईच्या हातून पुन्हा काढून घ्यायचा होता.

धम्मदीपला, घरच्यांच्या दीपूला, जाऊन आठ महिने झाले होते. वय अठ्ठावीस. खराडीच्या ऑफिसातून येरवड्याला घरी येताना त्याच्या दुचाकीला टँकरने उडवलं. त्या दिवसापासून त्याची आई, ललिताबाई, जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. एकतीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. काविळीला माळ घालून आलेल्या माणसाला आधी झापायचं आणि मग सलाइन लावायचं, ही त्यांची पद्धत. घरात सकाळी बुद्धवंदना व्हायची, बावीस प्रतिज्ञा पोरांना तोंडपाठ. अंगात येणं, भगत, उतारा यांना त्या घराचा उंबरा माहीत नव्हता.

पण हे सगळं ज्या दारावर अडवलं जायचं, त्या दाराने ही गोष्ट आलीच नाही. कोणी राख घेऊन आलं असतं तर ललिताबाईंनी त्याला जिन्यावरूनच परत धाडलं असतं. इथे राख नव्हती, लिंबू नव्हतं. अ‍ॅप होतं, आणि तेही दीपूच्या ऑफिसात चालायचं तेच. मोबाइलमध्ये जे येतं ते विज्ञानच, असं शिकलेल्या माणसांना वाटतं. न शिकलेली माणसं फसतात असं आपण म्हणत असतो, तेव्हा आपली पाळी कुठल्या रस्त्याने येणार याचा आपल्याला पत्ता नसतो.

शेजारणीने सरांचं नाव सुचवलं. सरांनी भरायला एक 'ऊर्जा-पत्रक' दिलं. चाळीस प्रश्न: लाडकं नाव, आवडता पदार्थ, शाळा, मित्र, घरच्यांची एखादी आठवण. बाबा, म्हणजे भीमराव, सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ते पत्रक दोन दिवस बसून आपल्या सुवाच्य अक्षरात भरलं, एकही रकाना रिकामा सोडला नाही. आठवड्याने मोबाइलवर एक ग्रुप तयार झाला आणि त्यात दीपूच्या फोटोशेजारी ओळ आली: 'आई, मी दीपू. मी इथेच आहे.'

त्या दुपारी ललिताबाई दोन भाकऱ्या जेवल्या. आम्रपालीने ते पाहिलं आणि ती गप्प राहिली. आई जेवते आहे ना, मग लिहू दे काय लिहायचं ते. आपल्या या गप्प राहण्याचा तिला पुढे फार त्रास झाला.

कारण आईच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, ऑपरेशनला उशीर करू नका. ललिताबाईंनी दीपूला विचारलं. रेघ काढून लिहिलं, 'ऑपरेशन करू का रे?' उत्तर आलं, 'कृपया थांबा. तुमची विनंती पुढे पाठवली आहे.' त्यांनी तारीख रद्द केली. दुसरी तारीख आली, पुन्हा विचारलं, पुन्हा 'थांबा.' जिना चढताना आता त्या तीनदा टेकत होत्या. मग एक दिवस त्यांनी लिहिलं, 'दीपू, तुला फार लागलं होतं का रे?' आणि उत्तर आलं, 'मला समजलं नाही. मदत लिहा.'

"तो मदत मागतोय, ताई," सर हळव्या आवाजात म्हणाले. "अडकलाय तो." त्यावर उपाय म्हणजे पानशेतच्या पलीकडे एकवीस दिवसांचं सरांचं मुक्ती-शिबिर, सोमवारपासून. त्या काळात शरीराला सुरी लागता कामा नये. आणि ऑपरेशनची तिसरी तारीख होती मंगळवार.

ललिताबाईंनी पिशवी भरून ठेवली होती, शिबिराची.

आम्रपालीचे डोळे उघडले ते मात्र सुरीमुळे नव्हे, मटकीमुळे. भीमराव दर रविवारी स्वतः मटकीची उसळ करायचे. निवृत्तीनंतर शिकलेला तो एकच पदार्थ आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. एका संध्याकाळी मोबाइलवर ओळ आली: 'बाबांच्या हातच्या मटकीच्या उसळीची फार आठवण येते.' भीमराव चष्मा काढून पुसत बसले. आम्रपालीने मात्र ती ओळ पुन्हा वाचली. दीपूला मटकी घशाखाली उतरायची नाही. बाबा पाणी आणायला उठले की तो वाटी तिच्या ताटात रिकामी करायचा आणि बाबा परत आल्यावर बोटं चाटायचा. बाबांनी पत्रकात आवडता पदार्थ म्हणून मटकी लिहिली होती, कारण त्यांना तेच माहीत होतं. पलीकडचा दीपूही नेमकं तेवढंच जाणत होता.

ती दीपूच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे, स्वरालीकडे गेली. स्वरालीने मोबाइलवरचं सगळं खालपर्यंत वाचलं.

"ताई, हा सॅम्पल बॉट आहे, आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम," ती म्हणाली. "नवीन जॉइन झालं की आम्हाला पहिल्या आठवड्यात हाच बनवायला लावतात. अ‍ॅपवाल्यांच्या साइटवर तयार मिळतो. नाव द्यायचं, फोटो लावायचा, कशाला काय उत्तर द्यायचं त्याची यादी भरायची. रेघ काढून लिहिलेलंच त्याच्याकडे जातं, कारण ग्रुपमधली बाकीची बडबड त्याने वाचू नये अशी सोय असते. सेतुरेषा कसली, दाराची घंटा आहे ती."

"आणि हे 'थांबा'?"

"सॅम्पलमध्ये दोन वाक्यं आधीच असतात. प्रश्नातला शब्द यादीत आहे, पण त्याच्यापुढे उत्तर भरलेलं नाही, तर 'थांबा, विनंती पुढे पाठवली आहे.' शब्दच यादीत नाही, तर 'समजलं नाही, मदत लिहा.' म्हणजे हेल्प टाइप करा, याला कुठले शब्द कळतात त्याची लिस्ट येईल. लोक ती वाक्यं बदलतात. या माणसाने फक्त मराठी केलंय. आळशी आहे."

आम्रपाली उठून मोरीपाशी गेली आणि तोंडावर पाणी मारून आली. मदत लिहा. त्या दोन शब्दांनी आईने महिनाभर स्वतःला जाळलं होतं. आपलं लेकरू कुठेतरी अंधारात अडकलंय आणि हाका मारतंय, असं तिला वाटत होतं. आणि ते एका नवशिक्यासाठी ठेवलेलं वाक्य होतं.

"मला शिकव," ती म्हणाली.

चहा निवायच्या आत बॉट तयार झाला. नाव दिलं, फोटो लावला, पाच-सहा उत्तरं भरली. आम्रपालीला वाटलं होतं, अवघड असेल. अवघड असतं तर तिला थोडं बरं वाटलं असतं.

"येरवड्याहून ललिताताई," हॉलमध्ये आता सरांनी पुकारलं. "या, आज दीपूशी शिबिराबद्दल बोलू."

आई उठायच्या आत आम्रपाली उभी राहिली. "सर, आधी मी एक दाखवू?"

"जरूर, ताई. सेतुरेषा काढून."

तिने लॅपटॉप उघडला. इथल्या सगळ्या कुटुंबांचा एक मोठा ग्रुप होता, समोरच्या पडद्यावर उघडा असलेला. नवी माणसं यावीत म्हणून सरांनीच त्यात कोणालाही कोणाला जोडायची मुभा ठेवली होती. तिने दोन कळा दाबल्या आणि साठ मोबाइल एकदम वाजले. साठही मोबाइलांवर एकच सूचना होती: 'दिग्विजय सर ग्रुपमध्ये आले आहेत.' शेजारी सरांचा फोटो, दारावरच्या फलकावरचाच.

"काहीही विचारा," ती म्हणाली. "रेघ काढून."

कोणी हललं नाही. मग श्रीनिवासरावांनी चष्मा वर केला, एका बोटाने सावकाश लिहिलं, 'सर, आपण कसे आहात?' आणि पाठवलं. पडद्यावर ओळ उमटली: 'मी इथेच आहे. वरच्या पातळीवर सगळं छान आहे. तुमची आठवण येते.'

श्रीनिवासरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. "सर," ते म्हणाले, "आपण गेलात केव्हा?"

मागून कोणीतरी हसलं आणि हसणं लगेच विरलं. कारण पुढची गोष्ट सगळ्यांना एकाच वेळी कळली होती: आपल्या माणसाची उत्तरंही अशीच आली होती.

"हा ऊर्जेचा अपमान आहे," सर म्हणाले. "कोणीतरी नक्कल केली म्हणून अस्सल खोटं ठरत नाही. पलीकडची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, मॅडम. त्याला साधना लागते."

"साधना नाही लागत, सर. पंधरा मिनिटं लागतात," आम्रपाली म्हणाली. वर्गात बोलते तशी ती बोलत होती. यादी कशी भरतात, रेघ कशासाठी असते, 'थांबा' कधी येतं आणि 'मदत लिहा' कधी, हे तिने ग्रुपमध्ये चित्रं टाकत पडद्यावर एकेक करून दाखवलं. "तुम्ही माझं ऐकू नका. सरांचंही ऐकू नका. एकच करा. आपल्या माणसाला असं काहीतरी विचारा, जे तुम्ही पत्रकात लिहून दिलेलं नाही."

हॉलमध्ये फक्त बोटांचा आवाज. श्रीनिवासरावांनी लिहिलं, 'हेमा, आपलं पहिलं भांडण कशावरून झालं?' मोबाइल वाजला. त्यांनी उत्तर मोठ्याने वाचलं. "मला समजलं नाही. मदत लिहा." मोबाइल खिशात ठेवून ते म्हणाले, "हेमाने भांडण विसरणं शक्य नाही. म्हणजे ही हेमा नव्हे." एवढं बोलून त्यांनी खाली पाहिलं.

इकडे तिकडे तीच ओळ वाचली जाऊ लागली. कोणाच्या मुलीने, कोणाच्या वडिलांनी, कोणाच्या जुळ्या भावाने एकाच शब्दांत सांगितलं की त्यांना समजलं नाही. "आज सर्व्हर डाउन दिसतोय," असं म्हणत सर बाजूच्या दाराने बाहेर गेले. कॉलरचा माइक काढायचा राहिला होता, त्यामुळे "भैरू, गाडी काढ, मागच्या गेटने" हे सगळ्या हॉलने ऐकलं. एरवी पुणेकरांनी यावर वर्षभर विनोद केले असते. त्या दिवशी कोणाला सुचलं नाही. पहिल्या रांगेतल्या बाई मोबाइल छातीशी धरून तशाच बसल्या होत्या. खोटं उघडं पडलं की लोक आनंदाने टाळ्या वाजवतात, असं आम्रपालीला कधीतरी वाटलं होतं. इथे साठ घरांत पुन्हा एकदा कोणीतरी वारलं होतं.

ती आईपाशी येऊन गुडघ्यांवर बसली. "आई, दीपू मटकी खात नव्हता गं. ते बाबांनी लिहून दिलं म्हणून आलं. तू नर्स आहेस, तुला मी काय सांगू."

ललिताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"त्याची वाटी मी घासायची ना, आमू. त्याच्या वाटीत बोट फिरवल्याची खूण कधी नसायची, काठावरून ओतल्याचा ओघळ मात्र असायचा. ती ओळ आली तेव्हाच मला कळलं, हा माझा दीपू नाही." त्यांना दम लागला. त्या थांबल्या. "पण मी म्हटलं, असू दे. मटकीची का होईना, कोणीतरी त्याच्या नावाने आठवण काढतंय. आणि थांबा म्हणाला, तेही मला बरंच वाटलं. मला कुठे बरं व्हायचं होतं."

इतके दिवस आम्रपालीला वाटत होतं, आई फसली आहे. आईने फसणं स्वतः निवडलं होतं, कारण खरं घेऊन जगायला तिच्यात बळ उरलं नव्हतं. अशा माणसाला पुरावा दाखवून काय होणार, हे विज्ञानाच्या कुठल्याच पुस्तकात तिने वाचलं नव्हतं. तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती पोरीसारखी रडली. "मी आहे ना गं," एवढंच ती म्हणू शकली. "मी आहे ना अजून."

ललिताबाईंचा हात हवेत तसाच राहिला. मग तो हळूच तिच्या केसांवर आला.

"म्हणजे तो कधीच खात नव्हता?" भीमरावांनी विचारलं. त्या दोघी त्यांना विसरूनच गेल्या होत्या.

"नाही, बाबा. तुम्ही पाणी आणायला उठलात की माझ्या ताटात ओतायचा."

"आणि नंतर बोटं चाटायचा ते?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

भीमरावांचे खांदे हलू लागले. हसत होते की रडत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं लबाडाने मला पत्ता लागू दिला नाही." आणि चष्मा हातात घेऊन म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. दीपूबद्दल मला माहीत नसलेलं आज मला काहीतरी कळलं."

आम्रपालीने मान वर केली. बाबांनी सहज म्हटलेल्या त्या वाक्यात सगळा हिशेब होता. दोन महिने मोबाइल वाजत होता आणि त्याने दीपूबद्दल एकही नवी गोष्ट सांगितली नव्हती. आपण घातलेलंच तो परत देत होता. गेलेल्या माणसाचं जे काही उरतं, ते त्याला ओळखणाऱ्या माणसांत थोडं थोडं वाटलेलं असतं, आणि ते गोळा करायचं तर त्यांना एकमेकांशी बोलावं लागतं. त्याला रेघ लागत नाही, सर लागत नाहीत. आणि ऑपरेशन करायचं की नाही हे ज्याने छाती तपासली त्याला विचारावं, ज्याने फोटो लावला त्याला नव्हे. तुमच्या घरी उद्या कोणी असा चमत्कार घेऊन आलं, त्याच्या गळ्यात माळ असो की ओळखपत्र, तर त्याला तुम्ही न सांगितलेलं एक विचारा. एवढं पुरे आहे.

हॉल रिकामा होत होता. ललिताबाईंनी मोबाइल काढला. दीपूचा ग्रुप उघडला. आम्रपाली काही बोलणार होती, पण भीमरावांनी तिचा हात दाबला. आईने एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'दीपू, मंगळवारी मी ऑपरेशनला जाते.' सवयीने बोट सुरुवातीच्या रेघेकडे गेलं होतं, ते त्यांनी मागे घेतलं. रेघ न काढता पाठवलं.

तिघंही मोबाइलच्या पडद्याकडे बघत बसली. एक मिनिट गेलं, मग दुसरं. काहीच आलं नाही.

"हं," ललिताबाई म्हणाल्या, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आम्रपालीने रिक्षा आणली. वारज्यापासून येरवड्यापर्यंत आई मधे बसली होती आणि रडत होती. कोणी तिला थांबवलं नाही. संगमवाडीच्या पुलावर आल्यावर तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आमू, अजून काय काय लपवायचा गं तो आमच्यापासून?"

आम्रपाली सांगू लागली.